अंबूचा नाकतोडा

"बाई, कुरनात गवत हालतंय, पन वारा न्हाई."

भिवा सरोदे म्युझियमच्या पायरीवर उभा राहून मला हे सांगत होता. भिवा म्हणजे संस्थानच्या घोड्यांसाठी राखलेल्या कुरणाचा राखणदार. वाघ दिसला तरी 'मोठं मांजर हुतं' म्हणून सांगणारा माणूस. त्या दिवशी मात्र त्यानं डोक्याचं पागोटं काढून हातात गुंडाळून धरलं होतं, आणि आत काहीतरी चुळबुळत होतं.

"काय आणलंस त्यात?"

"रावसायबांनाच दावतो. तुमच्या अंगावर उडंल."

मला हसू आलं. किड्यांना भिऊन माझं कसं चाललं असतं? भोरवणी संस्थानच्या म्युझियममध्ये मी चित्रकार होते. नगरच्या मिशन शाळेत वाढलेली, मुंबईला चित्रकलेच्या परीक्षा दिलेली, आणि दिवसभर भिंगातून बघत किड्यांचे पाय, मिशा आणि पंख कागदावर उतरवणारी. आईला वाटायचं मी राजवाड्यात राण्यांची चित्रं काढते. मी तिचा गैरसमज कधी दूर केला नाही.

माझे साहेब म्हणजे क्युरेटर रावसाहेब कर्णिक. गावात त्यांना मागून 'किडेराव' म्हणत आणि समोर वाकून नमस्कार करत. माणूस शिस्तीचा. कपाटाचा खण चित्राला हवा तेवढाच वेळ बाहेर काढायचा आणि लगेच लावायचा, नाहीतर मुंग्या आणि कसर आत शिरून वर्षांची मेहनत खाऊन टाकतात. खण उघडा दिसला की ते असे ओरडत की बाहेरच्या झाडावरची कबुतरं उडत.

म्युझियमच्या दारातच एका टेबलावर काचेची छोटी पेटी असायची. तिच्यात टाचणीवर एकच किडा. राखाडी रंगाचा साधा नाकतोडा, त्यालाही मागचा डावा पाय नाही. पण संस्थानात येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या पेटीसमोर उभा केला जाई, कारण हा नाकतोडा जगात फक्त भोरवणीच्या कुरणात सापडतो, असं रावसाहेबांनी सिद्ध केलं होतं. लंडनच्या मासिकात त्याचं वर्णन छापून आलं होतं आणि त्याचं लॅटिन नाव रावसाहेबांनी आपल्या मुलीवरून ठेवलं होतं. अंबिका. घरातली अंबू.

अंबू नऊ वर्षांची असताना कुरणातल्या गवतात तिनंच तो पकडला होता. इतक्या घाईनं पकडला की एक पाय तिच्या मुठीतच राहिला. त्याच वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली आणि अंबू गेली. मी त्या किड्याचं चित्र काढलं तेव्हा उजव्या पायावरून डावा पाय पुरा करून टाकला होता. शास्त्रीय चित्रात मोडका अवयव असाच भरून काढतात, ही रीत मला रावसाहेबांनीच शिकवलेली. पण त्यांनी चित्र परत केलं. "आहे तसा काढा," एवढंच म्हणाले.

पुढे 'भोरवणीचे कीटक' हे त्यांचं पुस्तक निघालं. त्यात या नाकतोड्याबद्दल लिहिलं होतं: एकटा राहतो, निरुपद्रवी आहे, त्याला जपावं. महाराजांनी ते इतकं मनावर घेतलं की कुरणात नांगर, गुरं, उन्हाळ्यातली आग, सगळ्याला बंदी केली. गवत कापायला आलेल्या बायांना भिवा ओरडायचा, "अंबीचा किडा हाय तो, पायाखाली घेऊ नका!"

तर त्या दिवशी भिवानं रावसाहेबांच्या टेबलावर पागोटं सोडलं. बोटाच्या पेराएवढी, बिनपंखांची, काळीपिवळी पिल्लं टेबलभर उड्या मारू लागली. रावसाहेबांनी एक उचललं, भिंग लावलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"किती आहेत?"

"मोजाया गेलं तर मानसं पुरायची न्हाईत. आन समदी एकाच अंगाला तोंड करून चालत्यात, सायेब. जनू कुनी बोलावलंय."

आम्ही टांग्यातून कुरणावर गेलो. भिवानं सांगितलं तसंच होतं. हवा पडलेली, झाडाचं पानही हलत नव्हतं, आणि जमिनीलगत गवत मात्र थरथरत होतं. कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा बारीक आवाज सगळीकडून येत होता. घोडा पुढे जायला तयार होईना. मी मिशन शाळेत बायबलातली टोळांच्या पीडेची गोष्ट ऐकत मोठी झालेली. मी रावसाहेबांना विचारलं,

"हे टोळ आहेत ना?"

"हो."

"मग दिवाणसाहेबांना आजच कळवा."

"आधी खात्री करायला हवी," रावसाहेब म्हणाले, आणि कुरणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथं गवत दाट आणि शांत होतं. त्यांनी तिथून हिरवी, एकटीदुकटी पिल्लं वेचली. ती आम्हाला दोघांनाही चांगली ओळखीची होती. ती अंबिका होती.

म्युझियममध्ये आल्यावर त्यांनी त्यातलं एक पिल्लू काचेच्या बरणीत एकटं ठेवलं. बाकीची सगळी जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात कोंबली, एकमेकांच्या अंगावर पडतील इतकी. दोन्हीकडे तोच पाला घातला. मी विचारलं तर म्हणाले, "बघू काय होतं ते."

मग रोज आम्ही बघू लागलो. बरणीतलं पिल्लू हिरवं ते हिरवंच, पानाआड गप्प बसून राही. पिंजऱ्यातल्यांनी कात टाकली आणि अंगावर काळे ठिपके घेऊन बाहेर आली. मग ठिपके पसरले. मग पाठ पिवळी पडली. हिरवी असताना ती एकमेकांपासून लांब बसायला धडपडत होती, आता मुद्दाम चिकटून बसत. एक हललं की सगळी हलत. सकाळी दार उघडलं की आधी पिंजऱ्याचा तो कुरकुर आवाज कानावर यायचा.

"पंख कधी फुटतील?" मी विचारलं.

"अजून एकदा कात टाकतील. मग पंख. तोवर जमिनीवर आहेत, चर खणून पुरता येतात. एकदा पंख फुटले की माणसाच्या हाती काही राहत नाही." हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर गावाची बाजरी निसवायला, कणसं टाकायला आली होती.

कुरण दरबारी. तिथं कुदळ मारायची तर दिवाणांचा हुकूम हवा, आणि हुकूम हवा तर रावसाहेबांनी शब्द टाकायला हवा. दिवस चालले होते आणि रावसाहेब शब्द टाकत नव्हते. दिवाणांचा शिपाई सहज म्हणून चौकशीला आला, त्यालाही 'पाहतो आहे' म्हणून वाटेला लावलं. मला राग येऊ लागला. एवढा मोठा विद्वान, आणि लंडनला छापून आलेलं एक नाव सोडवत नाही? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच, असं मी मनात म्हणत होते.

शेवटी मी टेबलापाशी जाऊन उभी राहिले. "रावसाहेब, दोन्ही एकच आहेत."

त्यांनी चष्मा काढला. "एकच आहेत. परदेशात एकानं असं लिहिलं होतं, मला तेव्हा पटलं नव्हतं. एकटा वाढला की हिरवा, गरीब. गर्दीत वाढला की हा असा. मग तो स्वतःचा राहत नाही. मी एकटा वाढलेला टोळ बघितला आणि त्याला नवा किडा समजलो. आणि त्याच्यासाठी कुरण राखून ठेवलं. दहा वर्षं मी टोळ पोसतो आहे, साळवेबाई."

"मग सांगून टाका ना! काय होईल फार तर?"

"टोळाला नाव मिळून शंभर-दीडशे वर्षं झाली. आमच्या शास्त्रात जुनं नाव राहतं, नंतरचं पडतं. अंबिका हे नाव पुसलं जाईल."

"लोकांच्या भाकरीपेक्षा तुमचं नाव मोठं आहे?" मी बोलून गेले. माझी जीभ तशी तिखटच.

"माझं?" ते हसले. ते हसू मला आवडलं नाही. "अंबू गेली त्यानंतर तिच्या आईनं पुरा हिवाळा तोंड उघडलं नाही. जेवण वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. मग लंडनहून मासिक आलं. मी तिला नाव वाचून दाखवलं. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, म्हणजे हे नाव आता राहील? मी म्हटलं, कायमचं." त्यांनी चष्मा पुसला, पण डोळ्यावर लावला नाही. "मी तिला कायमचं म्हणालो होतो, बाई."

मी जाऊन माझ्या जागेवर बसले. राग गेला होता असं नाही, पण आता तो कुणावर धरावा तेच कळत नव्हतं.

काकूंना मी चांगली ओळखत होते. रावसाहेबांच्या पत्नी त्या, दर शनिवारी मारुतीला जाऊन परतताना म्युझियममध्ये यायच्या. पहिलं वर्षभर मी ख्रिस्ती म्हणून त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. पुढे एका उन्हाळ्यात आपणच माठाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "द्या हो, घसा काही बाटत नाही." इंग्रजी अक्षर त्यांना येत नव्हतं. पण किड्याखालच्या चिठ्ठीवरचा दुसरा शब्द आपल्या मुलीचा, हे त्यांना आकारावरून पाठ होतं. त्या शब्दावर काचेवरून बोट फिरवायच्या, तगरीचं एक फूल पेटीवर ठेवायच्या आणि घरी जायच्या.

त्या शनिवारी रावसाहेबांनी पिंजऱ्यावर जाड कापड टाकून तो कोपऱ्यात सरकवला. काकू आल्या, फूल ठेवलं. मग थबकल्या.

"कसला आवाज येतोय?"

"काही नाही. उंदीर असतील," रावसाहेब म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, ते लगेच कळत होतं.

तेवढ्यात भिवा धावत आत आला. पायात वहाण नाही, दम लागलेला. "सायेब, निघाले! कुरन सोडून माझ्या भावाच्या बाजरीत शिरले. निम्मं रान गेलं बघा. ताटंच उभी हायेत निस्ती, पान न्हाई, कनीस न्हाई. वहिनी बांधावर बसून रडतीया. म्या मारू म्हनलं तर लोक म्हनत्यात, दरबारचा किडा हाय, मारला तर दंड हुईल. काय करू सांगा!"

रावसाहेब उठले, परत बसले. काकूंनी विचारलं, "कसला किडा, भिवा?"

भिवानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"सांग की. गावात काय म्हणतात त्याला?"

"आईसायेब... लोक काय, कायबी म्हनत्यात."

"तरी काय म्हणतात?"

"अंबीची धाड," भिवा हळूच म्हणाला. "वहिनीबी तेच नाव घिऊन बोटं मोडाया लागलीया. तिला काय ठावं न्हाई, आईसायेब. तिचं मनावर घिऊ नका."

खोलीत फक्त कोपऱ्यातला आवाज राहिला. काकू आवाजाच्या मागानं गेल्या आणि त्यांनी कापड ओढलं. पिंजरा आतून काळापिवळा झाला होता. सगळी पिल्लं एका बाजूला तोंड करून जाळीला लटकली होती आणि त्यातल्या एकदोघांच्या पाठीवर ओले, चुरगळलेले पंख उलगडत होते.

"हे तेच?" त्यांनी नवऱ्याकडे वळून विचारलं. "पेटीतलं?"

रावसाहेबांनी होकाराची मान हलवली.

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

काकूंनी पदर खोचला. मला वाटलं त्या रडतील, पण त्यांचे डोळे अगदी कोरडे होते.

"माझ्या पोरीनं कुणाच्या पानातला घास उचलला नाही कधी. शेवटच्या तापातसुद्धा पेज अर्धी ठेवली, म्हणाली बाबांना द्या. आणि आता बायका तिच्या नावानं बोटं मोडणार? उभं पीक खाल्लं कुणी, तर अंबूनं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "काढा ते नाव."

"अगं, मी तुला सांगितलं होतं की..."

"कायमचं म्हणाला होतात. त्या शब्दावर मी जगले, नाही म्हणत नाही. आता काढा. आत्ताच्या आत्ता जा."

रावसाहेबांनी दारातली पेटी उचलली. मला म्हणाले, "टोळांच्या खणातला एक घ्या आणि चला." मी जुन्या धाडीतला एक टोळ डबीत टोचून घेतला आणि त्यांच्या मागून निघाले.

दिवाण जठार महाराजांच्या रौप्यमहोत्सवाच्या तयारीत बुडाले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रावसाहेब, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, निरुपद्रवी. महाराज ते पुस्तक पाहुण्यांना भेट देणार आहेत. आता मी त्यांना जाऊन सांगू, आपण जपलेत ते टोळ होते?"

"पुस्तक चुकलं."

"कोण म्हणतं?"

"ज्यानं लिहिलं तो म्हणतो." रावसाहेबांनी पेटी उघडली. मी चित्र काढलं त्यानंतर इतक्या वर्षांत ती उघडलेली पाहिली नव्हती. त्यांनी टाचणीखालची चिठ्ठी चिमट्यानं काढून दिवाणांच्या टेबलावर ठेवली, आणि अंबूचा नाकतोडा माझ्या डबीतल्या टोळाशेजारी टोचला. "हा माझा. हा टोळ. गर्दीमुळं रंग आणि मानेचा बाक बदलतो, बाकी सारं एक. यापलीकडे फरक दाखवा, मी नोकरी सोडतो. नाहीतर तासाभरात कुरण खणायचा हुकूम द्या. पंख फुटायला लागलेत."

जठार त्या चिठ्ठीकडे बघत राहिले. अंबू कोण होती हे सगळ्या संस्थानाला माहीत होतं. त्यांनी घंटी वाजवून कारकुनाला बोलावलं.

पुढचे दिवस गाव कुरणावरच होतं. धाडीच्या वाटेत आडवे चर खणले. बायापोरं निरगुडीच्या फांद्या आपटत पिल्लांना हाकत होती आणि ती लाटेसारखी चरात कोसळत होती. वरून माती. मातीही आतून हलत राही, म्हणून पुन्हा माती. भिवाची वहिनी सगळ्यांच्या पुढे होती. कुजका वास महिनाभर गेला नाही. तरी जी सुटायची ती सुटलीच. एका दुपारी कुरणाच्या टोकावरून तांबूस धुरळा उठावा तसा एक थवा उठला, आमच्या डोक्यावरून नदीपलीकडे इंग्रजी मुलखात गेला, आणि संध्याकाळपर्यंत तिकडून डबे बडवल्याचा आवाज येत होता. त्या रात्री भोरवणीत कुणी मोठ्यानं बोललं नाही.

आमची बाजरी बरीचशी वाचली. वाचली म्हणून लोक लवकरच विसरले, आणि काहीजण तर म्हणायला लागले, किडेरावानं उगाच गावाला राबवलं. महोत्सवात पुस्तक काही वाटलं नाही. दारातल्या टेबलावर पेंढा भरलेला मोर आला.

मला मात्र पुढच्या शनिवारची धास्ती होती. काकू येणार नाहीत, असंच मी धरून चालले होते. पण त्या आल्या. हातात तगरीचं फूल होतं. मोराकडे एकदा बघून सरळ आत माझ्यापाशी आल्या.

"टोळांचा खण कुठला?"

रावसाहेब पलीकडच्या टेबलावर लिहीत होते. त्यांचा टाक थांबला, पण त्यांनी मान वर केली नाही. मी खण बाहेर ओढला. काचेखाली टोळांच्या रांगा होत्या, सगळे एका आकाराचे, सगळ्यांखाली एकच नाव, तेच जुनं. काकूंनी ओळखीचा शब्द शोधला. तो आता कुठंच नव्हता. मी बोट दाखवणार होते, पण त्यांनी हातानंच मला थांबवलं.

त्या काचेवरून बोट फिरवत एकेक रांग बघत गेल्या. शेवटच्या रांगेत बोट थांबलं.

"हा. ह्याला पाय नाही."

"हो, काकू."

"घाईच फार होती तिला," काकू म्हणाल्या. आणि तेव्हा कुठं त्या रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी फूल त्या जागी काचेवर ठेवलं आणि निघून गेल्या. खण लावला असता तर फूल चिरडलं असतं. मी रावसाहेबांकडे बघितलं. ते माझ्याकडे नाही, खणाकडे बघत होते.

संध्याकाळी म्युझियम बंद करेपर्यंत खण तसाच उघडा होता. रावसाहेबांनी लावायला सांगितला नाही.